पिवळ्या पाखराला वळण

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आमच्या धाकट्या बहिणीने आम्हांस एका कामगिरीवर बोलाविले. तिचा मुलगा नववीची परीक्षा संपल्यापासून दिवाणखान्यात बसून मोटारशर्यतीचा एक खेळ खेळत असे. दादा मास्तर आहेत, त्यांचे तरी तो ऐकेल आणि ते यंत्र एकदाचे माळ्यावर टाकता येईल, असा तिचा हिशेब होता. आम्हीही उपदेशाची सर्व तयारी करून गेलो. परंतु आम्ही उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोच भाच्याने हातातला रिमोट गादीवर आपटला आणि तो रडकुंडीस येऊन म्हणाला, "मामा, ही गाडी आयकना!"

गाडी ऐकत नाही! आमच्या शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येणारी ही तक्रार. फक्त तेथे गाडीच्या जागी मुलगा असतो. त्यामुळे उपदेश बाजूस राहिला आणि सवयीने आमच्या तोंडून प्रश्न निघून गेला, "ऐकत नाही, म्हणजे नेमके काय करते?" त्या एका प्रश्नाच्या उत्तरापायी सुटीचे तीन आठवडे खर्ची पडले. बहिणीची नाराजी आम्ही पत्करली; तिची क्षमा मागून त्या तीन आठवड्यांची हकीकत येथे देत आहोत.

खेळाचे नाव 'ग्रान टुरिस्मो ६'. जपानमधील पॉलिफनी डिजिटल या संस्थेने तो २०१३ साली प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी काढला. म्हणजे आज तो जुनाच म्हणावयाचा. यंत्रही कोणा नातलगाने वापरून दिलेले. आणि ती न ऐकणारी मोटार म्हणजे १९८७ सालची 'रूफ सी.टी.आर.', जिला जगभर 'यलोबर्ड' म्हणजे पिवळे पाखरू या नावाने ओळखतात. दिसावयास ती हुबेहूब पोर्शे. मग नाव निराळे का, असे आम्ही विचारले. त्याचे कारण मौजेचे आहे. पोर्शे हे नाव खेळांत वापरण्याचा परवाना २०१६ पर्यंत एका अमेरिकन कंपनीकडे होता. रूफ हे जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातल्या फाफेनहाउझेन गावचे कारखानदार. ते पोर्शेच्या सांगाड्यावर स्वतःच्या मोटारी बांधीत, आणि जर्मन सरकारच्या दप्तरी ते स्वतंत्र मोटार-उत्पादक म्हणून नोंदलेले आहेत. त्यामुळे हे पाखरू या खेळात उजळ माथ्याने शिरू शकले.

या मोटारीची खरी कथा थोडक्यात अशी. पोर्शे ९११ चे अरुंद शरीर घेऊन रूफ यांनी त्यात ३.४ लिटरचे, दोन टर्बो बसविलेले इंजिन घातले. वाऱ्याला अडथळा नको म्हणून छपराच्या कडेच्या पन्हाळ्यासुद्धा काढून टाकल्या. दरवाजे ॲल्युमिनियमचे केले. शक्ती झाली ४६९ अश्वशक्ती आणि वजन सुमारे ११५० किलो. १९८७ साली एरा-लेसीन येथील चाचणीमार्गावर एका अमेरिकन मोटार-मासिकाने त्या वेळच्या वेगवान गाड्या एकत्र आणून पळविल्या. तेव्हा या पिवळ्या गाडीने ताशी २११ मैल, म्हणजे सुमारे ३४० किलोमीटर वेग गाठून नामांकित कारखान्यांच्या गाड्यांना मागे टाकले. ४६९ अश्वशक्ती म्हणजे किती, हे आमच्या वाचकांस परिचित उदाहरणाने सांगितलेले बरे. आपल्याकडील मारुती ८०० चे वजन सुमारे ६५० किलो आणि शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती. म्हणजे तेथे एका घोड्याच्या वाट्यास साडेसतरा किलो भार येतो. येथे अडीच किलोही येत नाही. शिवाय हे सारे घोडे जुंपलेले आहेत केवळ मागच्या दोन चाकांना, आणि घसरत्या चाकाला आवरणारी कोणतीही विजेची युक्ती मूळ गाडीत नाही.

आता ती ऐकत का नाही? भाच्याचे म्हणणे असे, की वळणात शिरल्यावर वेग जास्त झाला असे वाटून तो ॲक्सिलरेटर सोडतो. आणि सोडताक्षणी गाडीची शेपटी पुढे येऊन ती गर्रकन उलटी फिरते. "वेग कमी केला म्हणून शिक्षा! हा कुठला न्याय?" वरवर पाहता त्याची तक्रार रास्त होती. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. इतिहास आणि मराठी हे आमचे विषय. तेव्हा वही घेऊन आम्ही आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांचे घर गाठले, आणि त्यांनी जे समजावून दिले तेच आमच्या भाषेत मांडीत आहोत.

या गाडीचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले आहे. त्यामुळे साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकांवर पडते. सायकलीच्या मागच्या कॅरिअरवर तांदळाचे अर्धे पोते बांधून उतारावर वळण घेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांस अधिक सांगणे नको. पुढचे चाक हलके पडते, आणि मागची बाजू एकदा सरकू लागली म्हणजे पोते तिला ओढीतच नेते. आता दुसरी गोष्ट. गाडीने वेग घेतला की भार मागच्या चाकांवर वाढतो. वेग कमी झाला की पुढच्या चाकांवर. वजन कोठे जात नाही, ते गाडीतच असते. बदलतो तो चाकांवर पडणारा भार. गुरुजींनी आकडेही घातले. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरा. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर आहे २.२७ मीटर. गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या जोराने ब्रेक लावला तर ११५० ला ०.५ ने गुणून २.२७ ने भागावयाचे. उत्तर येते सुमारे २५३ किलो. म्हणजे स्थिर असता मागे ६९० आणि पुढे ४६० किलो असलेला भार क्षणार्धात मागे ४३७ आणि पुढे ७१३ होतो! नुसता ॲक्सिलरेटर सोडला आणि त्वरण याच्या एक-पंचमांश धरले, तरी मागून ५० किलो भार नाहीसा होतो.

पण ५० किलोने असे काय बिघडते? येथेच सारे मर्म आहे. टायरची रस्त्यावरची पकड ही पगारदार माणसाच्या मिळकतीसारखी समजावी. ती वळण्यात खर्च करा, वेग घेण्यात करा किंवा थांबण्यात करा. बेरीज मिळकतीपलीकडे जाता कामा नये. भर वळणात मागच्या टायरांची सारी मिळकत वळण्यातच खर्च होत असते, शिल्लक शून्य. त्याच घटकेस ॲक्सिलरेटर सोडला की भार कमी होऊन मिळकत घटते, आणि वर इंजिनाचा रोध मागच्या चाकांवर येऊन खर्च वाढतो. दिवाळे वाजणार नाही तर काय होईल? भाच्याला शिक्षा झाली ती वेग कमी केल्याबद्दल नव्हे. चुकीच्या जागी कमी केल्याबद्दल.

याच्या जोडीस टर्बोचा स्वभाव. या जुन्या टर्बोला आधी धुराच्या झोताने फिरावे लागते, मग तो इंजिनात हवा कोंबतो. विहिरीवरचा हातपंप चार-पाच वेळा कोरडाच हलवावा आणि मग एकदम भळभळा पाणी यावे, तसा प्रकार. भाचा वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर दाबी. काहीच घडत नाही असे पाहून आणखी दाबी. आणि वळण संपण्याच्या आत सारे घोडे एकदम येऊन मागच्या टायरांवर आदळत. म्हणजे आत शिरताना एका कारणाने गिरकी आणि बाहेर पडताना दुसऱ्या कारणाने. दोन्ही वेळा दोष मात्र गाडीचा!

हे समजल्यावर आम्ही पहिला इलाज केला तो मोटारीवर नव्हे, भाच्याच्या अंगठ्यावर. तो रिमोटवरील फुलीच्या बटणाने वेग देत असे, आणि घरातला दिवा लावावा-मालवावा तसे ते बटण दाबी-सोडी. आम्ही वेगासाठी तर्जनीखालचा 'आर टू' हा दट्ट्या आणि ब्रेकसाठी डावीकडचा 'एल टू' ठरवून घेतले. हे दट्टे हळूहळू दाबता येतात. मग जपानमधील सुझुका या मार्गावर एकच धडा गिरवावयास लावला. सुझुकाचा मार्ग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा स्वतःलाच ओलांडून जातो, आणि त्याच्या आरंभीच डावी-उजवी अशी नागमोडी वळणे लागतात. ब्रेक लावावयाचा तो सरळ रस्त्यावर, गाडीचे नाक वळण्यापूर्वी. मग तो एकदम न सोडता वळत वळत सैल करीत जावयाचा, म्हणजे पुढच्या चाकांवर थोडा भार राहतो आणि ती नीट चावा घेतात. नाक आत वळले की ॲक्सिलरेटर थोडा, अगदी थोडा, पण स्थिर ठेवावयाचा. टर्बो त्या वेळात फिरता राहतो आणि मागे भारही राहतो. रस्ता सरळ होऊ लागला की स्टिअरिंग जितके उलगडेल तितकेच दाबावयाचे. आणि शेपटी सरकलीच, तर ज्या बाजूस ती गेली त्या बाजूस स्टिअरिंग फिरवावयाचे. बोट घाबरून उचलावयाचे नाही. हे शेवटचे शिकणे सर्वांत कठीण, कारण भीती वाटली की हात आखडणे हा मनुष्यस्वभाव आहे. आमचा स्वतःचा हात तर दहा दिवस वळला नाही. भाचा तिसऱ्या दिवशी शिकला.

यानंतर मोटारीत फेरफार करण्याची पाळी. या खेळात स्प्रिंगा, शॉक ॲब्झॉर्बर, चाकांची तोंडे, गिअरांचे प्रमाण, सारे आकड्यांनी बदलता येते. भाच्याने पूर्वीच कोणा मित्राकडून वीस-बावीस आकड्यांची एक यादी उतरवून घेऊन ती एकदम लागू केली होती. परिणाम वाईट झाला. पण कोणत्या आकड्याने झाला हे कळावे कसे? आम्ही सारे आकडे मूळपदावर आणविले आणि एक शंभर पानी वही घातली. नियम एकच: एका वेळी एक बदल, त्यावर तीन फेऱ्या, आणि काय वाटले ते वेळेसह वहीत. बहिणीने ती वही पाहिली तेव्हा प्रथम तिचा चेहरा थोडा निवळला.

वहीच्या आधारे जे उपयोगी ठरले ते सांगतो. ब्रेकचा जोर पुढे-मागे किती वाटावा याचे दोन आकडे असतात. दोन्ही ५ होते. मागचा ३ केला. ब्रेक लावताच मागची चाके हलकी होतात, त्यांच्यावर निम्मा जोर लादणे अन्यायाचेच. एवढ्याने वळणात शिरतानाची निम्मी गिरकी नाहीशी झाली.

डिफरन्शियलने आमचा सर्वांत अधिक वेळ घेतला. बैलगाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकास अधिक अंतर जावे लागते. तेथे दोन्ही चाके आसावर सुटी असल्याने अडचण येत नाही. मोटारीत मात्र दोन्ही मागच्या चाकांना इंजिनाची शक्ती द्यावयाची आणि त्यांना निरनिराळ्या वेगाने फिरूही द्यावयाचे, हे काम डिफरन्शियल करते. शर्यतीच्या डिफरन्शियलमध्ये ही मोकळीक किती द्यावयाची ते ठरविता येते. वेग देताना निराळी, सोडताना निराळी. सोडताना दोन्ही चाके जितकी जखडलेली, तितकी गाडी सरळ राहू पाहते. म्हणून तो आकडा २० वरून ३० केला, आणि भाच्याच्या मूळ दुखण्यावर याचा गुण आला. वेग देताना मात्र उलट. तेथे फार जखडले तर दोन्ही चाके एकदमच पकड सोडतात, म्हणून तो ४० वरून २० वर आणला. याहून खाली गेलो तेव्हा वळणाच्या आतले हलके चाक एकटेच फिरून शक्ती वाया दवडू लागले. परत २० वर आलो.

गाडीचे कुशीवर कलणे रोखणाऱ्या सळ्या असतात, त्यांस अँटी-रोल बार म्हणतात. ज्या टोकाची सळई कडक, ते टोक आधी पकड सोडते. पुढची कडक आणि मागची मऊ ठेवली की गाडी शेपटीऐवजी नाकाने घसरते, आणि नाकाने घसरणे हे नवशिक्यास पुष्कळ परवडते. मागच्या चाकांची तोंडे किंचित आत वळविल्यानेही स्थैर्य आले. गिअरांत फारसे केले नाही. फक्त दुसरा गिअर थोडा लांबविला आणि पुष्कळशी वळणे तिसऱ्यात घेण्याची सवय केली, म्हणजे टर्बोचा धक्का बोथट होतो.

भाच्याने एक उपाय स्वतःच्या बुद्धीने काढला होता. खेळात गाडीवर वजन ठेवता येते, आणि ते पुढे सरकविताही येते. त्याने नाकावर शंभर किलो ठेवले. गाडी खरोखर शहाण्यासारखी वागू लागली! पण वळणातून बाहेर पडताना ती इतर गाड्यांसारखीच मागे चाके फिरवीत राहू लागली. कारण, इंजिन मागे असल्यानेच तर हे पाखरू वळणाबाहेर पडताना जमिनीला घट्ट धरून उसळी घेते. जो भार आत शिरताना वैरी, तोच बाहेर पडताना सखा. तो काढून टाकावयाचा असेल तर दुसरी गाडी घेतलेली काय वाईट, असे आम्ही म्हटले. त्यावर मामा-भाच्यांचा अर्धा दिवस अबोला होता. नंतर त्याने वजन उतरविले. आमच्या म्हणण्यावरून नव्हे, वहीतल्या वेळा पाहून.

येथवर सर्व श्रेय आम्ही घेतले. आता आमची चूक सांगणे प्राप्त आहे. गाडी डोलते हे आम्हांस खपेना, म्हणून आम्ही स्प्रिंगा चांगल्याच कडक केल्या आणि गाडी जमिनीलगत खाली बसविली. सुझुकाच्या गुळगुळीत रस्त्यावर आमचा विजय झाला. त्या भरात आम्ही जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या नोर्डश्लायफे या मार्गावर गेलो. १९२७ साली खुला झालेला, जंगलडोंगरांतून जाणारा हा सुमारे २०.८ किलोमीटरचा रस्ता म्हणजे आपल्या एखाद्या घाटाचाच थोरला भाऊ. तेथे चढ, उतार, उंचवटे यांना अंत नाही. फ्लुगप्लाट्झ नावाच्या चढाच्या माथ्यावर आमची कडक गाडी चारही चाकांनी हवेत गेली आणि उतरली ती कुंपणात. स्प्रिंग मऊ असेल तर खड्ड्या-उंचवट्यातून चाक जमिनीला धरून राहते. कडक स्प्रिंगेचे चाक उडते, आणि हवेतल्या टायरची मिळकत शून्य. स्प्रिंगा पुन्हा मऊ केल्या, गाडी उचलून घेतली. सुझुकाचे सेकंद वाढले. इलाज नव्हता.

याच मार्गावर स्टेफान रोझर या चालकाने खरे पिवळे पाखरू पळविले, त्याचे चित्रण प्रसिद्ध आहे. साधे बूट आणि पांढरे मोजे घातलेले त्याचे पाय, आणि प्रत्येक वळणावर आडवी होऊन जाणारी गाडी. आम्ही ते भाच्यास दाखविले. रबरातून धूर निघतो तो मागच्या चाकांतून. पण त्याचा पाय पाहावा. तो कधी एकदम उठत नाही.

येथे पालकांच्या मनातील शंकेचा उल्लेख केला पाहिजे. ही विद्या रस्त्यावर उपयोगी पडेल काय? आमचे उत्तर अर्धे होय, अर्धे नाही. जूनच्या पहिल्या पावसात तेलकट-चिखलट रस्त्यावर स्कूटर वळत असता ब्रेक का दाबू नये, हे भाच्यास आता कारणासह ठाऊक आहे. पण खरा चालक शेपटीचे सरकणे आधी पाठीला आणि बैठकीला ओळखतो, मग डोळ्यांना. खेळात ती बैठकच नाही; आणि कुंपणात गेल्यावर तेथे बटण दाबून पुन्हा आरंभ करता येतो. वडिलांची मोटार अंगणात तरी चालवू द्या, असा हट्ट त्याने धरला तेव्हा आम्ही कायद्यातील अठरा वर्षांकडे बोट दाखविले आणि या बाबतीत वही चालणार नाही हेही सांगितले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि यंत्र रविवारपुरते राहिले. ते माळ्यावर गेले नाही, एवढी तडजोड बहिणीने मान्य केली. सुटीच्या आरंभी भाच्यास त्या वीस किलोमीटरांची एक फेरी गिरकीवाचून पुरी करता येत नव्हती. आता तो नऊ मिनिटांच्या आत येतो. श्वेडेनक्रॉइट्झ म्हणून एक फार वेगाचे डावे वळण आहे. ते माथ्यावरून जाते आणि पुढे लगेच आरेंबर्गच्या उजव्या वळणासाठी ब्रेक लावावा लागतो. तेथे तो अजून फसतो. गेल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा वही टेबलावर उघडी होती. शेवटची नोंद त्याच्या हातची अशी: "श्वेडेनक्रॉइट्झ. मागून घसरलो. आकडे तेच ठेवले. बोट लवकर उचलले."